गरम साच्यात मऊ पडलेली तांब्याची पट्टी

मी एक जुनी तांब्याची पट्टी आहे मित्रांनो, नखाएवढी. आज मऊ आहे. पण मी जन्माची मऊ नव्हते, आणि हे ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

प्रयोगशाळेतल्या ताईने मला निळ्या पाण्यात वीज सोडून, थरावर थर जमवून बनवलं. धातू आतून दाण्यांचा असतो. दाब आला की दाण्यातल्या अणूंच्या रांगा घसरतात आणि दोन दाण्यांमधल्या भिंतीला अडतात. दाणे बारीक, तर भिंती जास्त, तर धातू कडक. पण फारच बारीक केले तर भिंतीच सरकायला लागतात. माझ्या आधीच्या अकरा बहिणी तशाच वाया गेल्या. नेमकं माप सापडायला ताईची दोन वर्षं गेली. माझे दाणे असे, की केसाच्या जाडीत अडीच हजार बसतील. तिने हिऱ्याचं टोक माझ्यावर दाबलं, तर खळगा जेमतेम उमटला. तिने तिथूनच फोन लावला, "आई, जमलं गं!"

मग कामाला पैसे देणारे पाहुणे माझा कडकपणा बघायला यायचे ठरले. त्यांना पटलं तर ताईचं काम चालू, नाहीतर बंद. घासून चमकवण्याआधी, हातात धरता यावं म्हणून, मला राळेच्या, म्हणजे डिंकासारख्या घट्ट होणाऱ्या रसाच्या, वडीत बसवायचं होतं. यंत्रं सांभाळणाऱ्या मामांना ताईने बजावलं, "मामा, थंड राळच हं. ही पट्टी तापली तर हिचे दाणे फुगतील." आणि ती जेवायला गेली.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे साहेब आले. "पाहुणे उद्याचे आजच आलेत. झालं का?"

"थंड राळ सुकायला आठ तास लागतात, साहेब."

"गरम साच्यात टाका मग. दहा मिनिटांचं काम. तांबं आहे ते, लोणी नाही."

"पण ताई म्हणाली..."

"इथे साहेब कोण? ती का मी?"

मामांनी टाकलं. दीडशे अंशांच्या वर ताप, वरून दाब. माझे दाणे एकमेकांना गिळत सुटले, भिंती पडत गेल्या. मी ओरडत होते. पट्टीचं कोण ऐकतं?

वरून मात्र मी आरशासारखी चमकत होते. पाहुण्यांसमोर टोक दाबलं आणि हा एवढा खळगा पडला.

"कडकपणाचे आकडे काय स्वप्नात दिसले होते का तुला?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

ताईने वडी उचलली. थंड राळ पारदर्शक असते. ही काळी होती. "मामा, ही गरम साच्यातली आहे ना?"

मामांनी साहेबांकडे पाहिलं, मग फरशीकडे. "आठवत नाही गं, पोरी."

"चूक झाली की वडीचा रंग दिसतो होय?" साहेब म्हणाले. एक पाहुणा हसला.

काम बंद झालं. ताई त्याच आठवड्यात प्रयोगशाळा सोडून गेली. मोठा सूक्ष्मदर्शक शेजारच्याच खोलीत होता, माझे फुगलेले दाणे त्यात लख्ख दिसले असते. कुणी मला तिथवर नेलं नाही.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. कुणाला मऊ म्हणण्याआधी त्याला कशात घातलं होतं ते विचारा. आणि मामा, तुम्हाला तर विचारायचीही गरज नव्हती.