डब्याच्या तोंडावरच्या फिती

नेलिदा आपासाकडे पाऊण तास उरला होता आणि मीटरवरचा आकडा काही केल्या हलत नव्हता. उणे एक्याऐंशी! काल संध्याकाळी ह्याच गच्चीवर उणे अठ्ठावन्न दिसलं होतं; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका संदेश जोरकस.

अँटेना म्हणजे दूध पावडरचा रिकामा डबा, आत बोटभर तांब्याची तार. एक इथे खाली ला पास शहरात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेवर. दुसरा वर एल आल्तो शहराच्या कड्याशी, तिच्या आईच्या पत्र्याच्या छपरावर. मधे चार किलोमीटर नुसती हवा. बारा वाजायच्या आत ह्या दोन डब्यांतून सलग दहा मिनिटं बोलणं चाललं पाहिजे, अशी बिनतारी संदेशवहनाची परीक्षा होती. मागच्या वर्षी नेलिदा ह्यातच नापास झाली होती. पुन्हा झाली तर आणखी एक वर्ष गेलं.

"तुझ्या तारेचा सांधा कच्चा असणार," वर्गातला एल्मेर म्हणाला. त्याची परीक्षा काल पार पडली होती, त्यामुळे तोंड सुटलं होतं.

नेलिदाने सांधा पाहिला, दिशा पाहिली. सगळं जागच्या जागी. परीक्षक उर्किदी बाई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. घड्याळावरची नजर न काढता म्हणाल्या, "कालपासून आजपर्यंत काय बदललं, ते शोध."

काय बदललं? काल गुरुवार होता. आज महिन्याचा पहिला शुक्रवार. दर पहिल्या शुक्रवारी आई चाल्या करायची, म्हणजे घरातल्या वस्तूंवर बियर शिंपडून, फिती बांधून पूजा. नेलिदाने तिला फोन लावला.

"आई, डब्याला हात लावलास?"

"छे! नुसती चाल्या केली. नवी वस्तू घरावर चढवायची आणि पाचामामाला बियरचा घोटही द्यायचा नाही? काय म्हणेल ती धरणीमाता!"

"आणि फिती?"

"बांधल्या की! कागदाच्या नाही हं, चांगल्या चंदेरी, धातूच्या. डब्याच्या तोंडावरच. नवरीसारखा सजलाय बघ."

नेलिदाने कपाळावर हात मारून घेतला. डब्याच्या तोंडावर धातू म्हणजे लहरींना दारच बंद.

"काढ त्या. आत्ताच्या आत्ता!"

"दिलेलं परत घेऊ? आणि तुझी परीक्षा बुडाली म्हणजे?"

"त्या फितींनीच बुडतेय गं!"

शब्द तोंडातून गेले आणि नेलिदाला फार वाईट वाटलं. दुखरे गुडघे घेऊन आई शिडी चढली, ती कोणासाठी?

"बरं, काढू नकोस," ती हळूच म्हणाली. "मागे सरकव. डब्याच्या मागे, खांबाला बांध."

"मागून दिसतील पाचामामाला?"

"तिला सगळीकडून दिसतं, असं तूच सांगतेस ना?"

उणे पंचाहत्तर. उणे चौसष्ट. उणे सत्तावन्न! एल्मेरने शिट्टी मारली. डब्यातून आईचा आवाज खणखणीत आला, "नाश्ता केलास का? आवाज बारीक येतोय." दहा मिनिटं बोलायला आईला काय अडचण! नऊ तर ती एकटीच बोलली. बाराला तीन मिनिटं कमी असताना बाईंनी मान डोलावली. नेलिदा पास.

आता वहीत बिघाडाचं कारण लिहायचं होतं. "सांधा ढिला, एवढंच लिही," एल्मेर कुजबुजला. "नाहीतर हसं होईल."

नेलिदाला ते गुडघे आठवले. तिने खरं तेच लिहिलं: आईने चाल्या केली, फिती तोंडावर होत्या, मागे घेतल्या.

बाईंनी दोनदा वाचलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग त्यांनी पेन उचललं आणि गच्चीच्या दाराला चिकटवलेल्या परीक्षेच्या सूचनांच्या कागदावर, अगदी खाली, लिहिलं: 'सूचना अकरा: चाल्या अँटेनाच्या मागच्या बाजूने करावी.'

"आणि आपल्या ह्या डब्याची केलीस?"

"नाही, बाई."

"तरीच कालच्यापेक्षा एकच आकडा वाढला."

बाईंनी पर्समधून फितींची गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. कागदाच्या होत्या. पहिला शुक्रवार त्यांच्याही घरी होताच.