मागच्या तिघी

हाडांचे डॉक्टर गिरीशकाका रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी शब्द टाकायची सवय काही सुटली नव्हती. डब्लिनच्या मराठी मंडळात नाटकातली भूमिका असो की ढोलपथकातली जागा, काकांनी शब्द टाकला की काम फत्ते. अर्ध्या मंडळाची हाडं त्यांनी जोडलेली, नाही कोण म्हणणार? त्यामुळे नात अनुष्का शनिवारच्या मॅचला बाहेर बसणार हे कानावर आलं, तशी त्यांनी गाडीची किल्ली उचलली. कॅप्टन कोण, तर केया, मंडळातल्या सुलेखाची मुलगी. म्हणजे आपलीच की!

खेळ होता ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू लांबट, तो पायाने मारायचा आणि हाताने झेलायचाही. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कॉलेजात जाणारी आपली पोर पाच फूट दहा इंच उंच, घरात सगळे तिला स्टार म्हणतात, मग तिला बसवतातच कशी? काका तणतणतच मैदानावर पोचले.

"केया बेटा, अनुष्काचं जरा बघ ना."

केया हसली. "काका, मागे तीनच जागा आहेत. समोरच्यांना गोल करू द्यायचा नाही, एवढंच त्या तिघींचं काम. आज तुम्हीच निवडा. कारण पटलं, तर शनिवारी त्याच खेळतील."

आता आली का पंचाईत! पण माघार घेतील ते गिरीशकाका कसले. त्यांनी सर्वांत उंच तिघींना उभं केलं: अनुष्का, ब्रूक आणि लाल केसांची मेगन. अनुष्काने डोळे मोठे करून "आजोबा, प्लीज!" म्हटलं, पण काकांचं लक्ष होतं कुठे?

सरावासाठी बाकीच्या मुली समोरचा संघ झाल्या आणि चेंडू उंच आला. तिघींनी एकदमच उडी मारली, एकमेकींवर आदळल्या आणि चेंडू खाली पडला. समोरची एक बुटकी मुलगी तो उचलून सटकली आणि गोल! पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"अरेच्चा!" काका रेषेपाशी गेले. "केया, वर तिघी आणि खाली कोणीच नाही?"

"मग?"

त्यांनी मेगनला बाहेर काढून टेसला आत घेतलं. टेस जेमतेम पाच फूट, पण पडलेल्या चेंडूवर मांजरीसारखी झडप घालायची. आता चेंडू हाती तर येत होता, पण टेसची किक नेमकी समोरच्याच मुलीकडे जायची. अनुष्का आणि ब्रूकच्या किकचीही तीच तऱ्हा. काकांना आता चैन पडेना. चेंडू अडवला, उचलला, पण तो आपल्या माणसापर्यंत पोचवणार कोण? मेगनची किक सरळ आहे, असं टेस म्हणाली. मग मेगन परत हवी. टेस उचलणार, मेगन मारणार, म्हणजे उडी मारणारीला जागा एकच.

अनुष्का की ब्रूक?

काय करायला आलो आणि काय करून बसलो! पण चाळीस वर्षं लोकांचे गुडघे पाहिलेली नजर, ती काय खोटं बोलणार? दोघींना त्यांनी आळीपाळीने वीसेक चेंडूंवर बघितलं. अनुष्का उंच जायची, पण घाई करून. चेंडू पोचेपर्यंत ती खाली यायला लागलेली असायची. ब्रूक आधी समोरच्या मुलीला पाठीने रोखून धरायची, थांबायची आणि मगच उडायची.

"ब्रूक," काका म्हणाले. "ब्रूक, टेस, मेगन."

"माझीही तीच नावं होती, काका," केया हळूच म्हणाली.

अनुष्का चार पावलांवरच उभी होती. तिने बॅग उचलली.

गाडीत बसल्यावर काकांना किल्ली फिरवायचाही धीर होईना. फार वाईट वाटत होतं त्यांना.

"यू ड्रॉप्ड मी, आजोबा."

"हो गं. तू लवकर उडतेस. ब्रूक थांबते."

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. डोळे भरले होते. "घरी सगळे म्हणतात, मी बेस्ट आहे. तुम्ही पण. पण तुम्ही मला खेळताना कधी बघितलंच नव्हतं ना?"

दोन वर्षं पोर खेळत होती. काकांनी मंडळभर तिचे गोडवे गायले होते, आणि मैदानावर ते आज पहिल्यांदाच आले होते.

"नाही गं राणी. नव्हतं बघितलं."

अनुष्काने बाहीने डोळे पुसले, दार उघडलं आणि बॅगेतून चेंडू काढला.

"किती लवकर उडते मी? दाखवा मला."