बाजारच्या दिवसाची काडी

“पण धन्यवाद म्हणून लिहून आलं होतं,” संध्या पुन्हा म्हणाली.

भाग्यश्रीने यादी परत वरून खाली पाहिली. नर्सिंग कॉलेजच्या अर्जांत हरसूलकडची एकच मुलगी होती, आणि ती संध्या नव्हती. २००९ साली कॉलेजने पहिल्यांदाच अर्ज फक्त वेबसाइटवर घेतले होते. मुदत गेल्या आठवड्यात संपली होती, आणि काल लागलेल्या प्रवेशाच्या यादीत संध्याचं नाव नव्हतं. कॉलेजच्या वॉचमनने ‘वेबसाइटवाल्यांना विचारा’ म्हणून बापलेकीला द्वारका चौकातल्या या ऑफिसात पिटाळलं होतं.

“मोबाइल नंबर कुणाचा टाकला?”

“बुधाच्या दुकानातला,” तिचे वडील देवराम म्हणाले. “पाड्याला तोच एक फोन हाय. बाजारच्या दिवशी समद्या पोरी अर्ज भराया हरसूलच्या सायबर कॅफेत एकदमच गेल्या व्हत्या, समद्यांनी तोच टाकला.”

भाग्यश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. एका नंबरवर एकच अर्ज, हा नियम तिच्या मालकाचा, महेशचा. दुसरा अर्ज आला की वेबसाइट तो गुपचूप टाकून द्यायची आणि वर तोंड भरून धन्यवाद म्हणायची. अर्ज मोजायचा कोड लावतानाच ती म्हणाली होती, जमा झालेला अर्ज मोजू. महेशला नुसतं बटण दाबलेलं मोजून हवं होतं. कॉलेजला आकडा फुगलेला दिसला की झालं, पोरी गेल्या खड्ड्यात.

ती त्याच्या टेबलापाशी गेली. “सर, हरसूलच्या मुलींचे अर्ज आपण फेकलेत. कॉलेजला सांगा.”

“काय सांगू? आकडे खोटे होते म्हणून? पुढचं काम जाईल. वाटेला लाव त्यांना.”

“मग मी सांगते.”

“नोकरी नकोय का तुला?”

तिने त्याच्याच टेबलावरचा फोन उचलला आणि कॉलेजला सगळं सांगून टाकलं. पलीकडचा क्लार्क जांभई देत म्हणाला, “मॅडम, यादी लागली. जागा भरल्या. पुढच्या वर्षी बघा.” तिने रिसीव्हर आपटला.

ती परतली तेव्हा देवराम तिच्या कॉम्प्युटरवरच्या, रोजचे अर्ज दाखवणाऱ्या आलेखाकडे टक लावून बघत होते.

“ताई, ही उंच काडी कसली?”

“बाजारच्या दिवसाची. त्या दिवशी किती जणांनी बटण दाबलं, ते मोजलंय.”

“म्हंजी आमची संध्या ह्यात हाय?”

भाग्यश्रीला महेशचा गळा धरावासा वाटला.

“आहे,” ती म्हणाली.

देवरामनी काडीवर अलगद बोट ठेवलं. “बघ गं, हितं हायेस तू.”

संध्याने वर पाहिलं नाही. ती बारावीची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत परत घालत होती, कोपरा दुमडू नये म्हणून जपून.