बीमवरची जागा

प्रियांका जळत होती आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. माणसं सहसा असं कबूल करत नाहीत. 'मला काय करायचंय' म्हणतात आणि आतल्या आत दातओठ खातात. प्रियांकाचं तसं नव्हतं. कल्याण पूर्वेच्या आपल्या फ्लॅटमध्ये कणीक तिंबताना ती स्वतःला सरळ सांगायची, की हो, जळतेय मी, चांगली धुमसतेय. फक्त ती कशावर जळतेय याबद्दल घरच्यांचा आणि शेजाऱ्यांचा मोठा गैरसमज झाला होता.

तिचा नवरा सम्यक अणूंच्या केंद्रकांवर प्रयोग करायचा. मुंबईच्या पार दुसऱ्या टोकाला केंद्रकांना प्रचंड वेगाने पळवणारं एक यंत्र होतं आणि त्यातून निघणाऱ्या झोताला ही मंडळी बीम म्हणत. बीम आपल्या वाट्याला कधी येतो याची महिनोन्महिने वाट बघायची, आणि आला की चार-पाच दिवस घरदार विसरून तिथेच मुक्काम ठोकायचा, असा तो सगळा मामला. या मुक्कामात सम्यकबरोबर असायची दक्षता. ठाण्याच्या कोळीवाड्यातली, पीएच.डी. करणारी, हुशार, हसरी आणि बिनलग्नाची. सासूबाईंना, भीमाबाईंना, एवढी माहिती पुरेशी होती. ती पोरगी रोजच असते का तिथं, असं त्या भाजी निवडता निवडता अगदी सहज विचारायच्या. समोरच्या शालनताई तर उपायही सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मध्येच एखाद्या दिवशी न कळवता डबा घेऊन जायचं, म्हणे.

प्रियांकाला दोघींची कीव यायची. त्यांना वाटत होतं, ही नवऱ्यापायी जळतेय. नवऱ्याचं तिला काही नव्हतं. सम्यक घरी आला की अर्ध्या तासात घोरायला लागायचा. असला माणूस पळवून नेऊन कोण काय करणार होतं? तिला हवी होती दक्षताची खुर्ची. मुलगी सान्वी होण्याआधी त्या खुर्चीवर प्रियांका बसायची. दक्षताचे आता जे सर, त्यांच्याच हाताखाली तिने आणि सम्यकने बरोबरीने पीएच.डी. केली, तिथेच दोघांचं जमलं. मग सान्वी झाली, सारखी आजारी पडू लागली, आणि कुणीतरी एकाने घरी थांबायचं ठरलं तेव्हा कोणी थांबायचं हा प्रश्न कुणाच्या डोक्यातसुद्धा आला नाही. आता प्रियांका डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांकडून गणितं सोडवून घेत होती. पोरं गुणी होती, तिच्यावर जीव टाकायची. तरी बीमची तारीख आली की ती कॅलेंडरवरच्या त्या चौकटीकडे बघत राहायची.

त्यात सम्यकचं तोंड. फॉइल लावायचं काम आता दक्षताच करते, काय स्थिर हात आहे तिचा, असं तो आमटी भुरकत सांगायचा. फॉइल लावणं हे एकेकाळी खास प्रियांकाचं काम. ते ऐकून ती उठायची आणि उगाचच गॅस पुसायला लागायची.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. लिथियमचं केंद्रक मुळातच सैल बांधणीचं. ते एखाद्या मोठ्या केंद्रकावर जाऊन आदळलं की कधी अख्खं आत शिरतं, तर कधी वाटेतच फुटून त्याचा एकच तुकडा आत जातो. अख्खी किती गेली आणि तुकडे किती गेले हे मोजण्यासाठीच हा एवढा खटाटोप. त्यासाठी टँटलम नावाच्या जड धातूची, कागदाहून पातळ फॉइल बीमसमोर धरायची. टक्कर झाल्यावर तयार झालेली नवी केंद्रकं पुढे उडतात, म्हणून ती झेलायला पाठीमागे अॅल्युमिनियमची फॉइल. आधी टँटलम, मग अॅल्युमिनियम. अशा बऱ्याच जोड्या एकीमागे एक लावतात. बीम प्रत्येक जोडीत थोडा थोडा दमत जातो, त्यामुळे एकाच खेपेत निरनिराळ्या वेगांची मोजमापं हाती येतात. फ्रेममध्ये बसवलेल्या दोन्ही फॉइल साधारण सारख्याच चकाकतात, आणि लावणाऱ्याचे डोळे जागरणाने चुरचुरत असतात.

एका रविवारी दुपारी सम्यकने मोठ्या कौतुकाने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. अख्खी किती गेली त्याच्या आलेखावर बहुतेक बिंदू एका वळणदार रेषेवर शहाण्यासारखे बसले होते, आणि पाचवा एकदम खाली घसरला होता. या एकाच वेगाला लिथियम भयंकर फुटतं, असं त्यांच्या गटाने ठरवून टाकलं होतं. असं आजवर कुणाला दिसलं नव्हतं. सर खूश होते. पुढच्या महिन्यात परिषद, आणि परिषदेनंतर सम्यकच्या कायमच्या नोकरीचा इंटरव्ह्यू. त्याआधी रंगीत तालीम म्हणून सरांनी पुढच्या रविवारी सगळ्यांना ठाण्याला घरी बोलावलं होतं, आणि प्रियांकालाही आण असं मुद्दाम सांगितलं होतं. एवढं सांगून सम्यक सान्वीला चित्रकलेच्या क्लासवरून आणायला गेला.

प्रियांका लॅपटॉपसमोर बसून राहिली. पाचव्या बिंदूकडे बघून तिला इतकी असूया वाटली, की तिने सहाव्याकडे बघितलं. तो रेषेच्या वर होता. बराच वर. यांनी त्यालाही काहीतरी भारदस्त कारण शोधलं असणार. पण कल्याणमध्ये राहणाऱ्या माणसाला रस्त्यात खड्डा आणि त्याच्या शेजारी मातीचा ढीग दिसला, तर ती माती कुठून आली हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तिने जवळ पडलेल्या प्रश्नपत्रिकेच्या मागे बेरीज करून पाहिली. पाचव्यात जेवढं कमी पडत होतं, जवळजवळ तेवढंच सहाव्यात जास्त होतं.

पाचवी जोडी उलटी लागली होती. आधी अॅल्युमिनियम, मग टँटलम. पुढे उडालेल्या केंद्रकांना झेलायला मागे काहीच नव्हतं, ती सरळ सहाव्या जोडीत जाऊन बसली. त्यातही अख्खं लिथियम गिळलेली केंद्रकं जोरात उडतात, म्हणून ती जास्त निसटली. नुसता तुकडा गिळलेली हळू सरकतात, म्हणून ती बरीचशी जागच्या जागी राहिली. बघणाऱ्याला हुबेहूब वाटणार, की लिथियम फार फुटलं.

तिला इतका आनंद झाला, की तिने स्वतःसाठी आल्याचा चहा टाकला. स्थिर हात म्हणे. गेला ना तोंडावर आपटून तो स्थिर हात.

सम्यक सान्वीला घेऊन आला तेव्हा तिने सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तो फोन घेऊन बाल्कनीत गेला असता, हळू आवाजात सरांशी बोलला असता, आणि दोन दिवसांत ते त्याच्याच लक्षात आलेलं झालं असतं. तिला ते सरांसमोर बोलायचं होतं, आणि दक्षता तिथे बसलेली असताना बोलायचं होतं. सरांना ती ओळखून होती. असली चूक पकडणाऱ्या माणसाला सर घरी बसू देणार नाहीत. परत ये म्हणतील, पुढच्या बीमला ये म्हणतील. ते एक वाक्य ऐकण्यासाठी तिने आठवडाभर तोंड शिवून घेतलं. सम्यकचं काय, असा विचार एकदा मनात आला होता, पण परिषदेत शोभा होण्यापेक्षा घरातल्या घरात झालेली बरी, असं तिने मनाला सांगितलं. ते खोटं नव्हतं आणि तिच्या सोयीचंही होतं.

रविवारी सान्वीला भीमाबाईंपाशी ठेवून दोघं मोटरसायकलवरून ठाण्याला गेली. सरांनी लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवला होता. सम्यक उभा राहून बोलू लागला आणि दक्षता खाली बसून स्लाइड पुढे सरकवू लागली. त्याचं वाक्य संपायच्या आत, त्याने इशाराही न करता, तिचं बोट नेमक्या वेळी पडत होतं. प्रियांकाच्या हे लक्षात आलं, पण तिचं सगळं मन आलेख कधी येतो याकडे होतं.

आलेख आला.

"सर, पाचवी जोडी उलटी लागलीय," प्रियांका म्हणाली.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. आवाज कापला नाही याचं तिला बरं वाटलं. सरांनी कागद ओढला, दोन्ही आकडे मांडले, बेरीज केली, ती रेषेशी ताडून पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बरोबर आहे, असं ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. मग त्यांनी विचारलं, फॉइल कोणी लावल्या होत्या?

याच क्षणासाठी प्रियांकाने आठवडा काढला होता. तिने दक्षताकडे बघितलं.

"मी लावल्या, सर," दक्षता म्हणाली. क्षणभरही थांबली नाही.

सर म्हणाले, मांडणीच्या फोटोची स्लाइड लाव बरं, काही दिसतंय का बघू. दक्षताचं बोट तिथेच अडखळलं. सरांनी मग स्वतः पुढे वाकून स्लाइड मागे नेली. टीव्हीवर दोन हात आले, निळ्या हातमोज्यांतले, चिमट्यात फ्रेम धरलेले. सर फ्रेमकडे डोळे बारीक करून बघत राहिले. कुठली बाजू कुठली, त्यात काही कळत नव्हतं. प्रियांका फ्रेमकडे बघत नव्हती. उजवा हातमोजा संपत होता तिथे, मनगटावर, भाजल्याचा एक लांबट डाग होता. सान्वीला घावन करून घालताना सम्यकने तव्याच्या कडेला हात लावून घेतला होता, आणि त्यावर मलम प्रियांकानेच चोळलं होतं. तिने सम्यककडे पाहिलं. तो पडद्याकडे पाठ करून उभा होता आणि त्याचा उजवा हात खिशात होता.

तो आता बोलेल, आता बोलेल, म्हणून ती थांबली. तो बोलला नाही.

सर दक्षताला फार ओरडले नाहीत. असं होतं, म्हणाले, पण लक्ष ठेवायला हवं, आणि पुढच्या खेपेला तू डिटेक्टरकडे बस. मग ते प्रियांकाकडे वळले.

"तू येशील का गं पुढच्या बीमला? फॉइलचं तूच बघ परत."

"येईन, सर," ती म्हणाली. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य आलं होतं, आणि तिचे डोळे अजून त्या मनगटावर होते.

तालीम तिथेच आटपली. खाली आल्यावर सम्यक गाडी काढायला मागच्या पार्किंगमध्ये गेला. फाटकापाशी त्या दोघीच उरल्या.

"हात त्याचे होते," प्रियांका म्हणाली.

दक्षताने नाही म्हटलं नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती रस्त्याकडे बघत राहिली. "पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे ना त्यांचा. सरांचं शिफारसपत्र जाणार. मी काय, अजून शिकतेय, मला ओरडून विसरून जातील."

"त्याने सांगितलेलं तुला असं बोलायला?"

"नाही हो ताई. त्यांना तर कळलंच नसेल, मी काय बोलणार ते." मग तिने पहिल्यांदाच प्रियांकाकडे सरळ पाहिलं. त्या बघण्यात कावा नव्हता, एवढं कुणालाही कळलं असतं. "तुम्हीपण हेच केलं असतं ना."

पार्किंगमधून मोटरसायकल येऊन थांबली. सम्यक दोघींपैकी कुणाकडेच न बघता म्हणाला, निघूया, सान्वी वाट बघत असेल. दक्षताने त्याच्याकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. येते मी, असं म्हणून ती कोळीवाड्याच्या दिशेने चालू लागली. प्रियांकाला ते न बघणं इतकं झोंबलं, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्ची, बीम, फॉइल, कशाचाच त्या झोंबण्याशी संबंध नव्हता.

ती मागे बसली. खांद्यावर ठेवायचा हात तिने सीटच्या मागच्या दांडीला धरला. कळव्याचा पूल ओलांडल्यावर सम्यक मान थोडी वळवून म्हणाला, की घरीच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.

दक्षता गेली तरी तिचं शेवटचं वाक्य काही गेलं नव्हतं. प्रियांकाने ते पुन्हा पुन्हा घोळवून पाहिलं, कुठेतरी हो म्हणता येईल म्हणून. तिने ते केलं नसतं. त्याला वाचवायला तिच्या हातात सबंध आठवडा होता, आणि तिने ते केलं नव्हतं.