चौदा वेळा थांबलेला माणूस

माझ्या मुलाने मला न्याहारीच्या टेबलावर कामावरून काढलं. ताटातली अंडी अजून गरम होती.

"बाबा, हे बघा," म्हणत कर्टिसने फोन माझ्या नाकासमोर धरला. हल्ली हार्वेस्टर शेतात कुठून कुठे गेला, कुठे उभा राहिला, हे सगळं त्याच्या फोनवर उमटतं. हिरवी रेघ म्हणजे चालू, लाल ठिपका म्हणजे उभा. माझ्या शेताला गोवर आला होता. "काल चौदा वेळा थांबलात. दर वेळी सात-आठ मिनिटं. झोपता का तुम्ही?"

"विचार करतो."

"कसला?"

"तुझ्यासारखं रत्न माझ्या पोटी कसं आलं, त्याचा."

तो हसला नाही. "शनिवारपासून शेजारच्या हायनी रेम्पेलचा पुतण्या हार्वेस्टरवर बसेल. मी बोललोय त्याच्याशी. तुम्ही आता आराम करा."

मी नेस्टर हावरिलुक, वय एकाहत्तर. कॅनडातल्या यॉर्कटनच्या उत्तरेला आमची जवाची शेतं आहेत आणि एकावन्न हंगाम मी त्या खुर्चीत बसलोय. आराम! हा शब्द आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या दगडावर कोरतात.

खरं कारण मी सांगितलं असतं, तर तिथेच मिटलं असतं. दोन वर्षं झाली, लघवी मला सुखाने जगू देत नव्हती. पाऊण तास झाला की हाक यायची. शिडी उतरायची, मागच्या टायरच्या आडोशाला उभं राहायचं आणि वाट बघायची. धार कसली, थेंब. ते सुरू व्हायलाच चार मिनिटं, आणि संपले म्हणावं तर संपायचे नाहीत. वर चढून बसतो न बसतो तोच पुन्हा हाक. रात्री पाचदा उठायचो. पण हे मुलाला सांगायचं? आमच्याकडची पुरुष माणसं गिअरबॉक्सबद्दल दोन तास बोलतील, पट्ट्याखालच्या यंत्राबद्दल एक अक्षर काढणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. झोपाळू म्हणालास? म्हण बापडा.

पण खुर्ची मी सोडणार नव्हतो. गुरुवारी एकही लाल ठिपका उठू द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

सकाळपासून कॉफी बंद, पाणी बंद. शिवाय जवाची धूळ. ती अंगाला खाजते, डोळ्यांतून पाणी काढते, शिंकून शिंकून माणूस बेजार होतो. त्यासाठी औषधाच्या दुकानात गुलाबी गोळ्या मिळतात, इथल्या प्रत्येक हार्वेस्टरमध्ये त्यांची एक बाटली असतेच. मी एरवी एक घेतो. त्या दिवशी सकाळी दोन घेतल्या, दुपारी आणखी दोन. नाक पुसायलासुद्धा थांबायचं नव्हतं.

दोन वाजता पोट तटतटलं. चार वाजता मी दातांवर दात दाबून बसलो होतो. पण थांबलो नाही. सहाला माझी बायको ल्युबा पिकअपमधून शेतातच जेवण घेऊन आली. कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, वर दही. मी शिडी उतरलो तो थेट टायरमागे गेलो. आता कुणाची हरकत नव्हती.

एक थेंबही आला नाही.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. पोटात दगड भरल्यासारखं झालं, अंगाला घाम सुटला. जोर केला की डोळ्यांपुढे काजवे.

"नेस्टर, टायरशी काय गुजगोष्टी चालल्यात?" ल्युबा ओरडली.

"जेव तू!"

ती जेवली नाही. तीच मागे आली, माझं तोंड पाहिलं आणि पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत टणक झालं होतं. "बाई गं! गाडीत बस."

"शेवटची पट्टी राहिलीय."

"शेवटची पट्टी तुझ्या थडग्यावर कापतील. बस म्हणते ना!"

कर्टिस लांबून बघत होता. मी दोन्ही हातांनी पोट धरून गाडीत चढलो. तो धावत यायच्या आत मी तिला गाडी हाकायला लावली, आणि वाटेत बजावलं, "त्याला सांगायचं नाही." ल्युबाने मला वाडवडिलांच्या युक्रेनियनमध्ये जे सुनावलं, ते इथे लिहिता येत नाही.

इस्पितळात डॉक्टर अडेओला होत्या. पन्नाशीची बाई, नायजेरियातल्या लागोसहून येऊन आमच्या बर्फात पंधरा वर्षं टिकलेली. त्यांनी आधी नळी घातली, प्रश्न मागून. नळी घालताना मी छताकडे बघत शिव्या मोजल्या. पण मग पोट जे उतरायला लागलं! त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं मला.

"अकराशे मिलिलीटर," त्या म्हणाल्या. "धुळीच्या गोळ्या किती घेतल्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"हंगामात दर वर्षी तुमच्यासारखे दोन-तीन येतात मला. प्रोस्टेट आधीच वाढलेली असते, वाट अरुंद झालेली असते. त्यात ही गोळी मूत्राशयाला सुस्त करते. मग आहेच, तुंबलं सगळं. वर पाणीही प्यायला नसाल."

"थांबायचं नव्हतं मला."

"छान. मग शरीरानेच थांबवलं."

त्यांनी सात प्रश्नांचा कागद पुढे केला. किती वेळा उठता, धार कशी, जोर करावा लागतो का. गेला महिना आठवून उत्तरं द्यायची. मी पहिल्यांदाच खरं लिहिलं. पस्तीसपैकी सव्वीस पडले. शाळेत मला इतके गुण कधी मिळाले नव्हते, पण इथे जास्त म्हणजे वाईट. मग हातमोजा घालून ती तपासणी झाली, जिच्या भीतीने मी दोन वर्षं डॉक्टरांचं दार चुकवलं होतं. अर्ध्या मिनिटात संपली. अर्ध्या मिनिटासाठी दोन वर्षं!

"मोठी आहे, पण गुळगुळीत आणि मऊ. हाताला गाठ लागत नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्सर वाटत नाही. रक्ताची तपासणी सहा आठवड्यांनी करू, आत्ता केली तर आकडा उगाच फुगलेला येईल. आजपासून रोज एक गोळी, तिने वाट सैल होते. नळी आठवडाभर राहील, लघवी तिच्या टोकाच्या पिशवीत जमेल, मग नळी काढून बघू. जमलं तर ठीक. पुन्हा तुंबलं तर ऑपरेशन, आतून वाट मोकळी करायची."

"ऑपरेशन नोव्हेंबरात. बर्फ पडल्यावर माझ्याकडे वेळच वेळ असतो. पण उद्या मी हार्वेस्टरवर बसणार."

"मिस्टर हावरिलुक..."

"पाय शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत. ही पिशवी मांडीला बांधून खुर्चीत बसता येतं की नाही, एवढंच सांगा."

बाई म्हणाल्या, "येतं. दिवसभर पाणी प्यायचं. या नव्या गोळीने उभं राहताना चक्कर येते, शिडी हळू उतरायची. पिशवीत लाल दिसलं की त्या क्षणी काम बंद करून इथे यायचं. आणि धुळीसाठी तोंडाला फडकं बांधा."

"याला इथल्या खाटेला बांधून ठेवायची सोय नाही का तुमच्याकडे?" ल्युबाने विचारलं.

शुक्रवारी सकाळी दव सुकल्याबरोबर मी वर चढलो. डाव्या मांडीला पिशवी, शेजारी चार लिटर पाणी, तोंडाला ल्युबाचा फुलाफुलांचा रुमाल. पहिली पट्टी अर्धी झाली आणि रेडिओ खरखरला. आमचा रेडिओ म्हणजे गावची चावडी, पाच शेतं एकाच लहरीवर असतात.

"बाबा, खाली उतरा." कर्टिसचा आवाज.

"जव पिकलाय."

"काल तुम्ही इस्पितळात गेलात. आई काही सांगत नाही. खाली उतरा, नाहीतर मी येऊन किल्ली काढून घेईन."

"ये की. बघू कोण कुणाची किल्ली काढतो."

तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "आजोबांचंही असंच सुरू झालं होतं. शेताच्या मध्येच थांबायचे आणि का थांबलो ते विसरायचे. तसं असेल तर मला सांगा ना. दोन वर्षं तुम्हाला थांबताना बघतोय मी."

मी हार्वेस्टर उभा केला. माझ्या बापाचं डोकं गेलं तेव्हा कर्टिस बारा वर्षांचा होता, भर बर्फात हरवलेल्या आजोबांना शोधायला हाच पोरगा गेला होता. आणि मी या पोराला दोन वर्षं त्याच भीतीत ठेवून बसलो होतो. कशासाठी, तर मुताची लाज वाटली म्हणून. मला स्वतःचा असा संताप आला की सगळं गाव ऐकतंय याची मला फिकीर राहिली नाही.

मी बटण दाबलं. "कर्टिस, नीट ऐक. माझं डोकं शाबूत आहे. मी थांबायचो ते लघवीला. प्रोस्टेट वाढलीय. काल लघवी पार तुंबली, म्हणून नळी घातलीय आणि पिशवी मांडीला बांधलीय. हसायचं असेल त्याने पोटभर हसून घ्या, मला जव कापायचाय."

कुणी हसलं नाही.

मग हायनी रेम्पेल बोलला. चाळीस वर्षं शेजारी आहे, हवामानापलीकडे शब्द काढत नाही. "नेस्टर... धार बारीक होते, तेच ना?"

"तेच."

"धुळीच्या गोळ्यांचं काही आहे का त्यात?"

"फेकून दे त्या. आणि डॉक्टर अडेओलांना फोन कर, आजच."

"बरं," हायनी म्हणाला. मग म्हणाला, "पुतण्याला उद्या पाठवत नाही मग."

कर्टिस बोलला तेव्हा त्याचा आवाज ओला होता, आणि त्याने तो लपवला नाही. "बाबा, दहा वाजता धान्याची गाडी घेऊन येतो. चालू द्या तुमचं. आणि हे बघा, थांबावंसं वाटलं की खुशाल थांबा."

"थांबायला काय झालंय?" मी गिअर टाकला. "आज तर मी गाडी चालवता चालवता करतोय!"