पाठमोरा शॉट

आमच्या स्टुडिओत धाडसाची बैठक भरते तेव्हा बिस्किटं चांगली मागवतात. त्या दिवशी काजूची होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

मी मुलांच्या कार्टून मालिकांचे स्टोरीबोर्ड काढते. प्रत्येक प्रसंग आधी माझ्या कागदावर चौकटी-चौकटींत उमटतो, मग हलायला लागतो. अठरा वर्षं झाली. नव्या मालिकेतलं एक पात्र मी भावाच्या लेकरावरून उचललं होतं. खारू म्हणतो आम्ही त्याला. वय अकरा, पुढचे दात मोठे, आणि आपण मुलगाही नाही, मुलगीही नाही, हे घरात सांगून मोकळं झालेलं. मालिकेत खेळाचे सर मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे अशा रांगा लावतात. माझं पात्र मध्ये उभं राहून म्हणतं, "सर, मी मुलगाही नाही, मुलगीही नाही. माझी जागा इथेच." बस, एवढंच.

साहेबांनी, म्हणजे निर्मात्यांनी, बिस्कीट मोडत विचारलं, "याऐवजी रोबो नाही का चालणार?"

"किंवा मासा," वाहिनीच्या बाई म्हणाल्या. "काही मासे तसे असतातच ना."

मासा चालतो, यंत्र चालतं, परग्रहावरचा चिकट गोळासुद्धा चालतो. चालत नाही ते फक्त डबा घेऊन शाळेत जाणारं माणसाचं पोर. दोघांच्या पाठीत मिळून एक कणा निघाला नसता.

शेवटी साहेबांनी धंद्यातली जुनी युक्ती काढली. "ते वाक्य पाठमोऱ्या शॉटमध्ये घे. ओठ दिसले नाहीत की बाहेरच्या देशांना हवं ते वाक्य बसवता येतं. आपल्याकडे आहे तेच राहील. शब्द देतो."

साहेबांचा शब्द कसा असतो हे मला ठाऊक होतं. तरी मान डोलावली. वर आपण फार शहाण्या, वाक्य वाचवलं, अशा तोऱ्यात घरी गेले, आणि काही महिन्यांनी तो भाग लागायची तारीख ठरताच खारूला सांगून बसले की शुक्रवारी टीव्ही बघ.

खारूने वर्गभर सांगितलं की माझ्यासारखं कोणीतरी येणार आहे. ज्यांनी वर्षभर पिडलं होतं, त्यांना तर मुद्दाम सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे भावाच्या घरी टीव्हीपुढे बसलो. रांगा लागल्या, पात्र मध्ये उभं राहिलं, चित्रात त्याची पाठ आली. आणि आवाज आला, "सर, माझ्या बुटाची नाडी सुटलीय."

वहिनीने उठून आवाज वाढवला, जणू काही ऐकायचं राहिलंय.

मी साहेबांना फोन केला. "अगं, समजणाऱ्याला समजतं," ते म्हणाले. "उलट किती सूचक झालं बघ." दोन दिवसांनी त्यांची मुलाखत छापून आली. आम्ही धोका पत्करला, म्हणे. चोर तर चोर, वर शिरजोर.

सोमवारी खारूला आणायला शाळेत गेले. फाटकातून पोरं बाहेर पडत होती आणि खारूजवळून जाताना प्रत्येकजण वाकून सांगत होता, "नाडी बांध रे." खारूच्या पायात सँडल होते.

रस्त्याच्या वळणापर्यंत मी साहेबांचा उद्धार केला. भित्रा, नेभळट, शेपूटघालू, जे सुचेल ते. खारूने सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, तोंड दिसत असतं तर त्यांना वाक्य बदलता आलं असतं?"

"नाही. ओठ जुळले नसते."

"मग तोंड का नाही काढलंस?"

नोकरीचं कारण अगदी जिभेवर आलं होतं. ते सांगायची मला लाज वाटली.

"घाबरले," मी म्हणाले.

"मी पण घाबरलं होतं," खारू म्हणालं. "तरी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या भरवशावर."