भिंतीवर शिकलेली भाषा

नोव्हेंबर. नातेला जॉर्जियाहून या डोंगरातल्या गावात आली तेव्हा तिला इटालियनचं ओ की ठो कळत नव्हतं. जिला सांभाळायचं होतं ती दोन्ना इन्कोरोनाता, वय सत्त्याऐंशी. पहिल्याच सकाळी तिने काठी उचलली आणि नातेलाला चौकातल्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर काळ्या कडांचे कागद चिकटवलेले होते: कोण गेलं, किती वर्षांचं होतं, अंत्ययात्रेची मिरवणूक किती वाजता. दोन्नाला अक्षरं दिसत नव्हती, पण बातमी हवी होती.

"वाच."

काठी कागदावर टेकली म्हणून अर्थ कळला; नातेलाने नकारार्थी मान हलवली.

"मग शिक. हे लोक कुठे पळून चाललेत?"

जानेवारी. डुक्कर कापलं. सुरी, रक्त, आतडी आणि जावयाला देण्याच्या तीन शिव्या, एवढे शब्द आले.

फेब्रुवारी. थंडीने म्हातारे पटापट गळाले आणि नातेलाची भाषा झपाट्याने सुधारली.

ऑगस्ट. अंगणात टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या उकळत होत्या. कुणी मरेना. अभ्यास मागे पडला.

असे चार हिवाळे गेले. (मधले उन्हाळे गाळले आहेत, कारण वर सांगितलंच.) मग मे महिन्यात जिल्ह्याच्या गावी भाषेची परीक्षा लागली. पास झाली तर कायम राहण्याचा कागद. नापास झाली तर जूनमध्ये परवाना संपणार, नातेलाने बोचकं उचलून घर गाठायचं आणि दोन्नाने जावयाकडे जायचं. दोघींपैकी कुणाचे हाल जास्त, यावर निघायच्या आदल्या दिवशी भांडण झालं.

"घाबरू नकोस गं," शेवटी दोन्ना म्हणाली. "मास्तर असेल त्याचं नाव कागदात कुठेतरी घाल. पुरुषाला स्वतःचं नाव वाचायला मिळालं की तो विरघळतो."

प्रश्न सोपा होता: ओळखीच्या माणसाच्या वाढदिवसाचं निमंत्रण लिहा. समोरच्या परीक्षकाच्या छातीवर नावाची पट्टी होती. नातेलाने ठेवणीतलं अक्षर काढलं.

*वयाची साठ वर्षे पूर्ण करून,*
*आप्तांच्या प्रेमाने वेढलेले असताना,*
*प्रोफेसर राफ्फाएले कापोबियांको*
*यांना आज शांतपणे वाढदिवस आला.*
*पत्नी, मुले व सर्व नातलग ही वार्ता कळवीत आहेत.*
*मिरवणूक चार वाजता राहत्या घरून निघेल.*
*फुले आणू नयेत. सत्कर्म करावे.*

तोंडी परीक्षेला तिला आत बोलावलं तेव्हा कापोबियांको हाच कागद वाचत होता. वाचता वाचता त्याचा डावा हात टेबलाखाली गेला, पट्ट्याच्याही खाली. शववाहिका दिसली की अपशकुन टाळायला इकडच्या पुरुषांचा हात जिथे जातो, तिथे.

"सिन्योरा, हे काय आहे?"

"निमंत्रण."

"माझं?"

"मान म्हणून."

"मला अठ्ठावन्नच पूर्ण झालीत."

"भिंतीवर साठीच्या खालचे फार कमी लागतात हो."

हाताची पकड घट्ट झालेली टेबलावरूनही कळली. दुसऱ्या हाताने त्याने लाल पेन उचललं. "असलं काही मी पास करू शकत नाही."

नातेलाच्या डोळ्यांपुढे जून आला, विमानतळ आला, जावयाच्या घरातली दोन्ना आली. आणि ती सुटली.

"नका करू. पण उपकार तरी विसरू नका. जिवंत माणसाच्या नावाचा कागद निघाला की त्याचं आयुष्य वाढतं, हे आईने सांगितलं नाही तुम्हाला? आमच्या गावात दोनातो न्हाव्याचा कागद लागला होता. मेला होता त्याचा चुलतभाऊ, छापखान्यात नावांची अदलाबदल झाली. त्याची बायको काळे कपडे घालून दारात, आणि हा आत बसून शेवया गिळतोय. चौदा वर्षं झाली. अजून दाढ्या करतोय, आणि वाईट करतोय. लोक केक आणतात, मी तुम्हाला वर्षं आणली, आणि तुम्ही मला लाल पेन दाखवता?"

तिच्या वाक्यांत अकरा चुका होत्या. कापोबियांकोने एकही लिहून घेतली नाही.

"किती वाढतं?" त्याने हळूच विचारलं.

"दहा वर्षं."

"माझे वडील बासष्टाव्या वर्षी गेले. न्हाव्याला चौदा मिळाली. मला पंधरा धरा."

"न्हाव्याचा कागद छापील होता. हाताने लिहिलेल्याला बारा."

त्याने मनात बेरीज केली. सत्तर. फारसं पटलं नाही, पण बासष्टपेक्षा बरं होतं.

"आणि हा चिकटवावा लागतो, की नुसता लिहिला तरी चालतो?"

"चिकटवलेला बरा. चारचौघांनी वाचायला हवा."

"मग बायकोला आधी सांगून ठेवावं लागेल," तो म्हणाला आणि 'उत्तीर्ण'चा शिक्का शोधू लागला.